औषध मोफत, खेप महाग

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



सरकारी रुग्णालयात मानसोपचाराच्या केसपेपरवर डॉक्टर गोळ्यांची नावं लिहितात आणि शेवटी एक छोटी ओळ लिहितात : ‘पंधरा दिवसांनी दाखवणे’. कधी ‘एक महिन्याने’ असं लिहितात. आज मला या शेवटच्या ओळीविषयी बोलायचं आहे. मनाच्या आजारावरचा उपचार पुढे चालणार की मध्येच तुटणार, हे पुष्कळदा या ओळीवर ठरतं.

मानसिक आरोग्याविषयी आता बरंच बोललं जातं. मन मोकळं करा, लाजू नका, वेळेवर डॉक्टरांना दाखवा, असं आपण लोकांना सांगतो. लोक ऐकतातही. घरातल्या माणसाला घेऊन ते जिल्ह्याच्या ‘सिव्हिल’ला येतात, रांगेत उभे राहतात, तपासून घेतात, गोळ्या घेऊन घरी जातात. त्यानंतरचं मात्र फारसं कुणी विचारत नाही. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात समाजसेवा अधीक्षक म्हणून मी बरीच वर्षं काम केलं. पेशंटशी आणि नातेवाइकांशी बोलायचं, घरची परिस्थिती समजून घ्यायची, हे माझं काम. रजिस्टरात आलेल्या माणसांची नावं असतात. पहिल्यांदा येऊन गेलेला आणि तिसऱ्या खेपेला न आलेला माणूस त्यात दिसत नाही. त्याच्यासाठी वेगळा रकाना नसतो. सरकारी सेवा लोकांपर्यंत पोचली की नाही, याचं उत्तर मला त्या नसलेल्या रकान्यात सापडतं.

ही माणसं का येत नाहीत? आपण पटकन म्हणतो, अज्ञान आहे, अंधश्रद्धा आहे. थोडं तेही असेल. पण आधी एका खेपेचा हिशेब मांडून पाहू.

समजा, तालुक्याच्या गावापासून वीस किलोमीटर आत असलेलं एक खेडं आहे. घरात तिशीचा मुलगा आजारी आहे. त्याला स्किझोफ्रेनिया झाला आहे. कानात आवाज येतात, शेजारीपाजारी आपल्यावर पाळत ठेवून आहेत असं वाटतं. असा माणूस एकटा जिल्ह्याला जाऊ शकत नाही. सोबत आई हवी किंवा भाऊ हवा. म्हणजे एका पेशंटची खेप ही दोन माणसांची खेप असते. पहाटेची एसटी मिळाली तर ठीक, नाही तर वडापनं तालुक्याला यायचं आणि तिथून दुसरी गाडी धरायची. ओपीडी सकाळची. केसपेपरची रांग, डॉक्टरांची रांग, मग औषधाच्या खिडकीची रांग. घरी पोचेपर्यंत दिवेलागण होते. 

रोजगार हमीच्या कामावर महाराष्ट्रात २०२५-२६ या वर्षासाठी दिवसाला ३१२ रुपये मजुरी ठरली होती. आजारी मुलगा कामावर जात नसेल, तर या खेपेत एकाची, म्हणजे सोबत आलेल्याची मजुरी बुडते. औषधानं मुलाला बरं वाटू लागलं आणि तो कामाला जाऊ लागला, की दोघांची बुडू लागते. ३१२ चे ६२४ होतात. त्यात गाडीभाडं आणि दुपारचं खाणं धरा. गंमत पाहा, पेशंट जसजसा सुधारतो, तसतशी त्याची खेप महाग होत जाते! आणि त्याच वेळी घरच्यांना वाटू लागतं, की आता बरा आहे, मग कशाला जायचं?

सरकारनं या बाबतीत काही केलंच नाही, असं म्हणता येणार नाही. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासण्या आणि उपचार निःशुल्क झाले. त्याच वर्षी मार्चमध्ये एसटीत महिलांना अर्धं तिकीट लागू झालं. सोबत येणाऱ्या आईचं भाडं त्यामुळे निम्म्यावर आलं. या दोन्ही चांगल्या गोष्टी झाल्या. पण बुडालेल्या दिवसाची भरपाई कुठल्याच खिडकीवर मिळत नाही.

खेप चुकली तर बिघडतं कुठे, असं कुणी विचारेल. त्यासाठी ही औषधं कशी चालतात, ते थोडं समजून घ्यायला हवं. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. मळमळ, सुस्ती, तोंडाला कोरड असे त्रास मात्र पहिल्या काही दिवसांतच जाणवू शकतात. म्हणजे पहिली पंधरा दिवसांची पुडी संपते तेव्हा पेशंटनं त्रास तेवढा अनुभवलेला असतो, फायदा अजून यायचा असतो. नेमकी तेव्हाच दुसरी खेप करायची असते. डॉक्टरांनी मात्रा कमीजास्त केली, थोडा धीर दिला, तर पुढे गुण येतो. खेप झाली नाही, तर ‘औषध लागू पडलं नाही’ असा शिक्का बसतो.

बरं वाटल्यावरही नैराश्याचं औषध आणखी सहा महिने तरी चालू ठेवावं लागतं. स्किझोफ्रेनियात किंवा उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येणाऱ्या बायपोलर आजारात ते पुष्कळदा अनेक वर्षं घ्यावं लागतं, जसं मधुमेहाचं किंवा रक्तदाबाचं घेतो तसंच. काही औषधांसाठी, उदाहरणार्थ लिथियमसाठी, अधूनमधून रक्त तपासावं लागतं. आणि यात एक फसवी गोष्ट आहे. गोळ्या बंद केल्या की दुसऱ्या दिवशी आजार परत येतोच असं नाही. कधी काही आठवडे जातात, कधी काही महिने. त्यामुळे गोळ्या थांबवणं आणि आजार उलटणं यांचा संबंध घरच्यांच्या लक्षातच येत नाही. ‘सिव्हिलचं औषध केलं, पण गुण आला नाही’ एवढंच गावात पसरतं. मग पुढच्या घरातला पेशंट पहिल्या खेपेलाही येत नाही.

मग ही माणसं जातात कुठे? भगताकडे, देवऋष्याकडे जातात. त्यांना हसणं सोपं आहे. पण भगत कुठे राहतो पाहा. तो गावातच राहतो, फार तर शेजारच्या वाडीवर. रात्री दहाला हाक मारली तरी भेटतो. केसपेपर मागत नाही, आजाऱ्याच्या आईला बसवून घेऊन तिचं सगळं ऐकतो आणि तिच्याच भाषेत बोलतो. त्याचं निदान चुकीचं असतं, उपाय पुष्कळदा घातक असतात. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधून ठेवणं, मारहाण करणं, चटके देणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. तरीही भगताजवळ जे आहे ते आपल्या सेवेजवळ नाही, हे मान्य करावं लागेल. तो जवळ आहे, आणि तो वेळ देतो.

उपचार जवळ नसले की माणसं किती लांब जातात आणि त्याचा शेवट काय होऊ शकतो, हे देशानं ६ ऑगस्ट २००१ रोजी पाहिलं. तामिळनाडूतल्या एरवाडीला दर्ग्याच्या परिसरात मनोरुग्णांसाठी खासगी निवारे चालत. तिथल्या एका झोपडीवजा निवाऱ्याला पहाटे आग लागली. आतली माणसं साखळदंडानं बांधलेली होती. पंचविसाहून अधिक माणसं जळून मेली. त्यांना तिथे आणून सोडणारे नातेवाईक दुष्टच होते, असं मानायचं कारण नाही. त्यांतल्या अनेकांनी आपल्या परीनं उपायच शोधला होता.

आता सरकारी सेवेची घडण पाहू. इंग्रजांच्या काळात मनोरुग्णांसाठी मोठाली इस्पितळं बांधली गेली, शक्यतो गावाबाहेर, उंच भिंतींच्या आत. उपचारापेक्षा माणसाला लोकांपासून दूर ठेवणं हा त्यामागचा मुख्य विचार होता. महाराष्ट्रात पुण्याला येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं त्या परंपरेतून आली. पिढ्यान् पिढ्या सरकारी मानसोपचार म्हणजे ही चार ठिकाणं, असंच समीकरण होतं. नकाशा डोळ्यांपुढे आणा. सिरोंच्याच्या माणसाला गडचिरोली गाठायलाच सुमारे दोनशे किलोमीटर जावं लागतं, नागपूर त्याच्याही पुढे. अक्कलकुव्याच्या किंवा धडगावच्या माणसाला चारांपैकी कुठलं जवळचं म्हणायचं?

हे बरोबर नाही, हे जाणकारांच्या लक्षात आलं होतं. १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आखला गेला. मनाचे उपचार नेहमीच्या सरकारी दवाखान्यांतूनच मिळावेत, हा त्याचा गाभा. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ या राष्ट्रीय संस्थेनं कर्नाटकातल्या बळ्ळारी जिल्ह्यात तो करून पाहिला. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना आणि कर्मचाऱ्यांना शिकवलं, तर पुष्कळसे मनोविकार तिथेच सांभाळता येतात, असं दिसलं. त्याच धर्तीवर १९९६ पासून मोजक्या जिल्ह्यांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे देशभर वाढत गेला. जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ते, परिचारिका असं पथक असावं, आणि त्यानं ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या रुग्णालयांत जाऊन पेशंट पाहावेत, अशी त्याची रचना आहे. कागदावर ही रचना उत्तम आहे. अडचण माणसांची आहे. आपल्या देशात एक लाख लोकसंख्येमागे एक मानसोपचारतज्ज्ञदेखील पडत नाही. जे आहेत, त्यांतले बहुतेक मोठ्या शहरांत. जिल्ह्याच्या पथकातली एक जागा रिकामी राहिली किंवा गाडी दुसऱ्या कामाला गेली, की तालुक्याचा दिवस रद्द होतो. त्या दिवशी मजुरी बुडवून आलेला माणूस पुन्हा येण्यापूर्वी दहा वेळा विचार करतो.

‘निम्हान्स’नेच २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. महाराष्ट्र त्या बारांत नव्हता, पण आपले शेजारी गुजरात, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड होते. १८ वर्षांवरच्या दर शंभर माणसांत दहा ते अकरा जणांना पाहणीच्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता. आणि आजार कुठला यानुसार, शंभरातल्या ७० ते ९२ जणांना उपचार मिळत नव्हते. याच पाहणीत आणखी एक गोष्ट नोंदवली आहे, ती आपल्या विषयाला धरून आहे. घरात असा आजारी असेल, तर कुटुंबाचा महिन्याला साधारण १००० ते १५०० रुपये खर्च होत होता आणि तो मुख्यतः औषधोपचारावर आणि त्यासाठीच्या प्रवासावर होता. हा हिशेब दहा वर्षांपूर्वीचा आहे, हे ध्यानात घ्या.

या सगळ्यात पणाला काय लागलं आहे, तेही स्पष्ट बोलू. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये महाराष्ट्रात २२,७४६ माणसांनी आत्महत्या केली. देशातल्या सगळ्या राज्यांत हा आकडा सर्वांत मोठा होता. प्रत्येक आत्महत्येमागे मनाचा आजारच असतो असं नाही. कर्ज, नापिकी, घरातले ताण अशी अनेक कारणं एकमेकांत गुंतलेली असतात. पण नैराश्य, व्यसन किंवा दुसरा मनोविकार असेल आणि त्यावर नीट उपचार चालू असतील, तर धोका कमी होतो, हे वैद्यकशास्त्राला माहीत आहे. उपचाराचा धागा मध्येच तुटणं म्हणूनच जिवावरचं असू शकतं.

आता कायद्याकडे येऊ. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये संमत झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. आधीचे १९१२ आणि १९८७ चे कायदे प्रामुख्यानं माणसाला इस्पितळात दाखल कसं करायचं, ठेवायचं कसं, याविषयी बोलत होते. या कायद्यानं पहिल्यांदाच सांगितलं, की सरकारी किंवा सरकारी अनुदानावरच्या ठिकाणी मानसिक उपचार मिळणं हा प्रत्येक माणसाचा हक्क आहे. त्याचं कलम १८ प्रत्येकानं माहीत करून घ्यावं असं आहे. मनोरुग्णाला उपचारांसाठी लांबचा प्रवास करावा लागू नये, सेवा त्याच्या राहत्या ठिकाणाजवळ मिळावी, ही जबाबदारी या कलमानं सरकारवर टाकली आहे. प्रत्येक जिल्ह्यात किमान सेवा असलीच पाहिजे. ती सरकारी ठिकाणी नसेल, तर त्याच जिल्ह्यात दुसरीकडे उपचार घेता येतील आणि त्याचा खर्च सरकारनं सोसायचा आहे. अत्यावश्यक यादीतली मनोविकारांवरची औषधं ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीपासून वर सर्व सरकारी रुग्णालयांत सदैव आणि मोफत मिळायला हवीत. दारिद्र्यरेषेखालच्या, निराधार, बेघर माणसाला उपचार मोफत, मग त्याच्याकडे पिवळं कार्ड असो वा नसो.

म्हणजे तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आपल्या माणसाच्या गोळ्या मागायला गेलात, तर तुम्ही कुणाची मेहेरबानी मागत नाही. आणि ‘शिल्लक नाहीत, बाहेरून घ्या’ हे कायद्याला मान्य असलेलं उत्तर नाही.

दाखल करून घेतील आणि ठेवूनच घेतील, या भीतीनंही पुष्कळ लोक येत नाहीत. त्याविषयीही सांगते. मनाचे बहुतेक आजार ओपीडीतच बरे होतात किंवा आटोक्यात राहतात. प्रौढ माणूस स्वतःच्या इच्छेनं दाखल होऊ शकतो आणि सामान्यतः स्वतःच्या इच्छेनं घरी जाऊ शकतो. माणूस फारच बिघडलेला असेल, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, तर त्यानं नेमलेल्या प्रतिनिधीच्या अर्जावर दोघा तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासून त्याला दाखल करता येतं. पण तेही सुरुवातीला जास्तीत जास्त तीस दिवस, आणि त्याची खबर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला द्यावी लागते. साखळीनं बांधणं तर या कायद्यानं पूर्णपणे बंद केलं आहे. आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच कायदा धरून चालतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारं जुनं कलम ३०९ राहिलेलंच नाही. तेव्हा पोलिसांच्या भीतीनं अशा माणसाला घरात लपवून ठेवू नका, दवाखान्यात न्या.

कायदा चांगला आहे, पण कायद्याला पाय नसतात. तो गावापर्यंत माणसांनीच न्यावा लागतो. आणि तो नेता येतो, याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत काही वर्षांपूर्वी ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प राबवला गेला. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेला हा भाग. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवलं. त्यांनी घरोघरी जाऊन नैराश्याविषयी समजेल अशा शब्दांत बोलायचं, आजारी माणूस ओळखायचा, त्याच्याकडे पुन्हा पुन्हा जायचं. त्यांच्यावर समुपदेशक, आणि ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ. प्रकल्पाच्या सुरुवातीला, नैराश्य असलेल्या शंभरातल्या जेमतेम चार जणांनी उपचारासाठी कुणाला तरी दाखवलं होतं. दीड वर्षानं पुन्हा पाहणी केली तेव्हा हे प्रमाण शंभरात सत्तावीस झालं होतं. हे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. गावं तीच होती, माणसं तीच होती. मग अज्ञान एवढ्यात कुठे गेलं? सेवा घराजवळ आली, एवढाच फरक पडला होता.

गोव्यातल्या ‘संगाथ’ संस्थेनंही प्राथमिक आरोग्य केंद्रांत असेच प्रयोग केले आहेत. वैद्यकीय पदवी नसलेल्या, पण नीट शिकवलेल्या आणि देखरेखीखाली काम करणाऱ्या समुपदेशकांनी नैराश्याच्या पेशंटना काही भेटींमध्ये बोलतं केलं, दिवसाची घडी पुन्हा बसवायला मदत केली. त्यांच्या मदतीनं बरे होणाऱ्यांचं प्रमाण वाढलं, असं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळलं. तज्ज्ञ डॉक्टर एका रात्रीत वाढणार नाहीत, पण मधली माणसं वाढवता येतील, हा यातला धडा आहे.

मग आपण मागायचं काय? माझ्या मते चार साध्या गोष्टी मागाव्यात. पहिली, तालुक्याच्या रुग्णालयात मानसोपचाराचा वार ठरलेला असावा आणि तो काहीही झालं तरी चुकू नये. आठवडी बाजाराचा वार असेल तर फारच छान, कारण त्या दिवशी लोक तसेही येतात. दुसरी, ज्याची प्रकृती स्थिर आहे त्याला डॉक्टरांच्या निर्णयानं पंधरा दिवसांऐवजी एक-दोन महिन्यांच्या गोळ्या द्याव्यात. ज्याला जिवाचा धोका वाटतो, त्याच्या हाती मात्र कमीच गोळ्या द्यायला हव्यात. हा भेद डॉक्टरांना कळतो. तिसरी, काही पेशंटना दोन ते चार आठवड्यांनी घ्यायचं इंजेक्शन असतं. ते घेण्यासाठी जिल्ह्याला कशाला बोलवायचं? डॉक्टरांनी लिहून दिल्यावर प्राथमिक आरोग्य केंद्रातली सिस्टर ते देऊ शकते. आणि चौथी, न आलेल्यांचा रकाना. ठरलेल्या तारखेला जो आला नाही, त्याचं नाव आशाताईंकडे जावं आणि त्यांनी दारात जाऊन विचारपूस करावी. क्षयरोगाच्या पेशंटचा गोळ्या थांबवल्यावर असाच पाठपुरावा होतो. अर्थात आशाताईंवर कामं किती लादायची हाही प्रश्न आहे. या कामाचा वेगळा मोबदला त्यांना मिळायला हवा.

यासाठी नवीन इमारत लागत नाही. ग्रामसभेत रस्ते, पाणी, दिवाबत्ती हे विषय निघतात. तिथे एकदा विचारा, की आपल्या ग्रामीण रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर कुठल्या वारी येतात? गेल्या महिन्यात आले होते का? प्रश्न लेखी द्या आणि पोच घ्या.

आता घरात असा पेशंट असलेल्यांसाठी थोडं. ‘टेलिमानस’ ही सरकारी दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर कधीही फोन करा, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. फोनवरचा समुपदेशक ऐकून घेतो, गरज वाटली तर तज्ज्ञाशी जोडून देतो, जवळची सेवा कुठे आहे ते सांगतो. फोनवरून गोळ्या हातात पडत नाहीत हे खरं, पण जिल्ह्याला निघण्यापूर्वी चौकशी करायला आणि दोन खेपांच्या मध्ये काही बिघडलं तर विचारायला याचा मोठा उपयोग होतो.

जुने केसपेपर फेकू नका. एका पिशवीत घालून ठेवा आणि प्रत्येक खेपेला ती पिशवी सोबत न्या. डॉक्टर बदलले तरी मागचं औषध त्यांना कळतं. गोळ्या संपायच्या चार दिवस आधी खेप करा, संपल्यावर नको. जाणं जमणारच नसेल, तर औषध आपल्या मनानं बंद करण्याऐवजी जवळच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना केसपेपर दाखवा. दीर्घ आजार असेल तर अपंगत्वाच्या प्रमाणपत्राविषयी विचारा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे, आणि पात्र असल्यास संजय गांधी निराधार अनुदान योजनेतूनही मदत मिळू शकते. कुठे अडवणूक झाली, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. मनोरुग्णाला मोफत वकील मिळण्याची तरतूद कायद्यातच आहे.

आणि ज्यांच्या घरात असा पेशंट नाही, त्यांच्यासाठी एकच विनंती आहे. तुमच्या शेतावर, दुकानात, कारखान्यात काम करणारा कुणी महिन्यातून एक दिवस ‘सिव्हिलला जायचंय’ म्हणून सुट्टी मागत असेल, तर कारण खोदून विचारू नका आणि शक्य असेल तर त्या दिवसाची हजेरी कापू नका. शेजारची म्हातारी मुलाला घेऊन एकटी जात असेल, तर एखाद्या खेपेला तिच्यासोबत तुम्ही जा. तिला एक दिवस घरी राहता येईल, आणि ती पाच-सहा वर्षांत बहुधा एकदाही राहिलेली नसेल.